नकुशा कुठे गेल्या?

रावेतमध्ये सध्या मुलीचं नाव ठरवणं हे फ्लॅट बघण्याइतकं चिकित्सेचं काम झालं आहे. पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी पवनेवरच्या रावेत बंधाऱ्यातून उचललं जातं. शहराला हे गाव बरीच वर्षं तेवढ्यापुरतंच ठाऊक होतं. 1997 साली ते महापालिकेच्या हद्दीत आलं, मग रस्ते आले, बास्केट ब्रिज आला आणि बघता बघता शेतांवर बारा-बारा मजले चढले. इथली जोडपी बहुतेक बाहेरगावची. कुणी चाकणच्या कारखान्यात, कुणी हिंजवडीत आयटीत, गाव मात्र सातारा, सोलापूर, लातूर नाहीतर जळगावकडचं. बारसं सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये होतं. पाळण्यामागे फुग्यांची कमान आणि थर्माकोलवर सोनेरी अक्षरांत नाव, वरून पडद्यानं झाकलेलं. आत्या वाकून कानात कुर्र करते खरी, पण नाव तिला आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं असतं. ठरवण्याचा तिचा मान गेला, जाहीर करण्याचा तेवढा उरला.

नावाच्या अटीही ठरलेल्या. दोन-अडीच अक्षरांत बसलं पाहिजे, इंग्रजी स्पेलिंग सोपं हवं, उद्या परदेशी गेली तर तिथल्या माणसाची जीभ अडखळू नये. घरातल्या मोठ्यांसाठी राशीचं अक्षर सांभाळायचं. (अवकहडा चक्रात आर्द्रेच्या एका चरणाला ‘ङ’ आणि उत्तराभाद्रपदेच्या एका चरणाला ‘ञ’ येतो. ज्यांच्या वाट्याला तो येतो त्यांच्यापुढे शास्त्रही हात टेकतं.) आणि सगळ्यात कडक अट म्हणजे नाव कुणाचं नसलेलं हवं. दुर्मिळ हवं. एवढी काळजी घेऊनही नर्सरीच्या वर्गात बाईंनी ‘मायरा’ म्हणून हाक मारली की दोघी-तिघी मान वळवतात. सगळ्यांनी एकाच यादीतून वेगळेपण निवडलं की दुसरं काय होणार?

ही यादीही तपासून घ्यावी अशी. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खातं जन्मलेल्या मुलांच्या नावांची क्रमवारी जाहीर करतं आणि ती मागे 1880 पर्यंत पाहता येते. आपल्याकडे अशी सरकारी यादी निघत नाही. जनगणना माणसं मोजते, पण त्यांच्या नावांचे आकडे छापत नाही. त्यामुळे अमुक नाव ‘भारतात तिसऱ्या क्रमांकावर’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याला आकडा कुठून मिळाला ते विचारावं. अर्थांचंही तेच. ‘कियारा’ घ्या. 2010च्या ‘अनजाना अनजानी’ चित्रपटात प्रियांका चोप्राच्या पात्राचं हे नाव होतं. पुढे आलिया अडवाणी हिनं चित्रपटात येताना तेच उचललं आणि ती कियारा अडवाणी झाली, मग घरोघर कियारा आल्या. याद्यांमध्ये त्याचे संस्कृत अर्थ दिलेले असतात. याच्याशी मिळतंजुळतं जे जुनं आयरिश नाव आहे, त्याच्या मुळाशी मात्र ‘काळी’ हा अर्थ आहे. कृष्णा आणि श्यामा ही नावं जुनाट वाटून बाजूला ठेवलेल्या घरात शेवटी तीच आली, इतकंच.

या सगळ्या धांडोळ्यात एक नाव कुठल्याच पुस्तकात, कुठल्याच यादीत सापडणार नाही. दुर्मिळ म्हणावं तर खरोखर दुर्मिळ, आणि सातारा जिल्ह्यात मात्र शेकड्यांनी मोजता आलेलं. ते नाव नकुशा.

हवासा-नकोसा या रोजच्या जोडीतलं नकोसा हे त्याचं मूळ. बोलीत ते नकुसा, नकुशी, नकुशा, नकोशी असं वेगवेगळं वळलं. घरात एकीपाठोपाठ एक मुली झाल्या की तिसरीला, चौथीला हे नाव ठेवायचं. आता इथं जरा थांबायला हवं, कारण या नावाचा अर्थ लावताना हमखास घोटाळा होतो. ‘आई-बापांना ती नकोशी होती म्हणून नकुशा’ हे खरं, पण अपुरं आहे. समजूत अशी होती की हे नाव ठेवलं की मुलींची रांग थांबते आणि पुढचा मुलगा होतो. म्हणजे नाव मुलीला ठेवलेलं असलं तरी ते तिच्यासाठी नव्हतंच. ते देवाला घातलेलं साकडं होतं आणि त्याचा लाभ व्हायचा तो अजून न जन्मलेल्या भावाला. ती आयुष्यभर दुसऱ्याच्या नवसाची पाटी गळ्यात घेऊन हिंडायची. शाळेत हजेरी, रेशनकार्ड, लग्नाची पत्रिका, सगळीकडे तीच.

याची गल्लत दुसऱ्या एका प्रथेशी केली जाते. मराठीत दगडू, धोंडू, केरबा, भिकू अशी ओबडधोबड नावं पिढ्यानपिढ्या आहेत. आधीची मुलं दगावलेली असली की नंतरच्या बाळाला मुद्दाम टाकाऊ नाव ठेवायचं. दृष्ट लागू नये, मरणाचं लक्ष जाऊ नये, पोर जगावं यासाठी. (धोंडो नावामागे दुसरंही कारण असू शकतं, अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात.) ही नावं मुलींनाही मिळत. जयपूर-अत्रौली घराण्याच्या मोठ्या गायिका धोंडूताई कुलकर्णी याच नावानं मैफली गाजवून गेल्या. धोंडो केशव कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं तेव्हा त्यांच्या नावात धोंडा आहे याकडे कुणाचं लक्षही गेलं नसेल. दगडू आणि नकुशा वरवर एका जातीची नावं वाटतात, पण दोघांची दिशा उलटी आहे. दगडूत ‘हे पोर राहू दे’ अशी विनवणी आहे. नकुशात ‘आता असली आणखी नको’ असं सांगणं आहे.

2009च्या सप्टेंबरात कलर्स वाहिनीवर ‘लागी तुझसे लगन’ नावाची हिंदी मालिका सुरू झाली आणि नकुशा हे नाव पहिल्यांदाच देशभर पोचलं. तिची नायिका मुंबईच्या वस्तीत राहणारी. देखणी मुलगी पुरुषांच्या नजरेत भरू नये म्हणून आईच तिला काळं फासून कुरूप करते आणि ती नकुशा म्हणून वाढते. मालिका चालली, 2012 पर्यंत टिकली. पण तिनं नकुशाला दगडू करून टाकलं, नाकारण्याचं नाव संरक्षणाचं केलं. वर काळा रंग म्हणजे कुरूपपणा हेही गृहीत धरलं. प्रसिद्धी मिळाली आणि अर्थ सटकला, असं या नावाच्या बाबतीत झालं.

हा प्रकार केवळ माणदेशातल्या किंवा पाटणच्या खोऱ्यातल्या अडाणीपणाचा, असं मानून मोकळं होणाऱ्यांनी थोडं बाहेर पाहावं. बंगालमध्ये ‘आन्नाकाली’ हे जुनं नाव आहे. आर ना काली, म्हणजे कालीमाते, आता आणखी नको. ‘क्षान्तमणी’ त्याच घरातलं, क्षान्त म्हणजे थांब. राजस्थानात धापू, धापणं म्हणजे पोट भरणं, पुरे होणं. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. तमिळनाडूत वेण्डाम, थेट ‘नको’. चीनमध्ये झाओदी आणि लाइदी, एकीनं धाकट्या भावाला बोलवायचं आणि दुसरीनं त्याला आणायचं. जपानमध्ये जुन्या पिढीत तोमे हे नाव असे, त्यात थांबवण्याचा अर्थ आहे. भाषा बदलल्या, देव बदलले, निरोप तोच. बंगाली नावात निदान देवीला हाक आहे, त्यामुळे ते ऐकायला भक्तीचं वाटतं. आपलं नाव फारच रोखठोक निघालं.

कोरियाची गोष्ट यात वेगळी सांगण्यासारखी आहे. तिथं ‘शेवटची’ या अर्थाचं मलजा हे नाव असे आणि ‘हिच्यामागून मुलगा’ अशा अर्थाचं हुनाम. 1992-93 साली तिथल्या दूरचित्रवाणीवर जुळ्या भावंडांची एक मालिका फार गाजली. भावाचं नाव ग्विनाम, म्हणजे मोलाचा मुलगा, आणि बहीण हुनाम. 1990च्या सुमाराला कोरियात 100 मुलींमागे 116 हून जास्त मुलगे जन्मत होते. गर्भाचं लिंग सांगणाऱ्या डॉक्टरांवर कारवाई झाली, मुली शिकल्या, कमावू लागल्या, घराचा प्रमुख पुरुषच असला पाहिजे ही कायद्यातली तरतूद 2005 साली रद्द करण्याचं ठरलं. 2007 च्या आसपास हे प्रमाण नैसर्गिक पातळीवर, 106 च्या घरात आलं. म्हणजे शतकानुशतकांची समजूत एका पिढीत वळवता येते, याचा दाखला आशियातच आहे.

आता साताऱ्याकडे. 2011च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे आले तेव्हा सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे मुलींची संख्या देशात 914 आणि सातारा जिल्ह्यात 881 निघाली. तेव्हाचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकारानं आरोग्य विभागानं जिल्ह्यातल्या नकुशा शोधायला घेतल्या. गावोगावच्या शाळांच्या पटावर, आरोग्य केंद्रांच्या नोंदीत हे नाव निघत गेलं आणि 285 मुली सापडल्या. 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात त्यांचं नव्यानं बारसं झालं. चांगले कपडे घालून, वेण्या घालून आलेल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या, प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि फुलांचा लहानसा गुच्छ मिळाला. जगभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी छापून आली.

मला त्या कार्यक्रमातली सगळ्यात मोलाची वाटते ती निवड. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. कुणी सावित्री झाली आणि सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं. एकीनं अश्मिता हे नाव घेतलं. अश्म म्हणजे दगड. मी कणखर आहे, असं तिला म्हणायचं होतं. दगडू-धोंडूच्या मुलखात दगडाचा हा अर्थ नवा होता आणि तो एका शाळकरी मुलीनं लावला. रावेतच्या क्लब हाऊसमधल्या कुठल्याही बाळाला जे मिळत नाही ते या मुलींना मिळालं, स्वतःचं नाव स्वतः ठरवण्याचा हक्क.

त्यावर टीकाही झाली. हा दिखाऊ कार्यक्रम आहे, नाव बदलून नशीब बदलत नाही, गावात तर सगळे जुन्याच नावानं हाक मारणार, वगैरे. यातलं शेवटचं खोटं म्हणता येणार नाही. गावची जीभ प्रमाणपत्र वाचत नाही. पण टीका करणाऱ्यांनी एकदा शाळेच्या हजेरीत रोज ‘नकोशी’ला ‘हजर’ म्हणून पाहावं. सरकारी कार्यक्रमांपैकी फार थोडे माणसाच्या रोजच्या अपमानाला हात घालतात. हा त्यांतला एक होता आणि तो करायलाच हवा होता.

अडचण दुसरीकडे आहे. नकुशा हे नाव कमी होत गेलं आणि आता तान्ह्या मुलीला ते ठेवल्याचं कानावर येत नाही, याचा आनंद मानावा की नाही? नाव मागे पडण्याची कारणं दोन असू शकतात. एक, मुलगी नकोशी राहिली नाही. दुसरं, नकोशी मुलगी जन्मालाच येत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलग्यांमागे मुली 2001 साली 913 होत्या, 2011च्या अंतिम आकड्यांत 894. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रानंच केला, 1994 साली तो केंद्रानं केला, आणि त्यानंतरच्या काळातली ही उतरण आहे. सोनोग्राफीचं यंत्र तालुक्याच्या गावी पोचलं तिथं नवसाच्या नावाची गरज संपली. नकुशाला निदान नाव तरी होतं.

2017-18चा केंद्राचा आर्थिक पाहणी अहवाल गुलाबी मुखपृष्ठाचा निघाला होता, तो याच विषयासाठी. तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांच्या चमूनं त्यात दोन वेगळे आकडे मांडले. लिंगनिवड, आजारपणातली हेळसांड, कुपोषण यांमुळे लोकसंख्येतून हरवलेल्या स्त्रिया सुमारे 6.3 कोटी. आणि मुलगा होईपर्यंत अपत्यं होऊ देत राहिल्यानं जन्मलेल्या, म्हणजे आई-बापांना मुलगा हवा असताना आलेल्या, 25 वर्षांखालच्या ‘नकोशा’ मुली सुमारे 2.1 कोटी. अहवालाची युक्ती साधी होती. घरातल्या शेवटच्या अपत्याकडे पाहायचं. मुलगा झाल्यावरच थांबणाऱ्या घरांमध्ये शेवटचं अपत्य मुलगा निघण्याचं प्रमाण बेसुमार वाढतं. साताऱ्यात 285 जणींच्या कपाळावर जे लिहिलेलं होतं ते 2 कोटींहून जास्त मुलींच्या घरात न लिहिता होतं. त्यांची नावं प्रिया, पूजा, आरती अशी गोड असतील. नाव गोड आहे म्हणून दूध, दवाखाना आणि शाळेची फी भावाच्या बरोबरीनं मिळते असं नाही.

म्हणून या विषयात नाव बदलण्यापेक्षा यंत्रामागच्या माणसाला गाठण्याचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि तेही साताऱ्यातूनच झालं आहे. दलित महिला विकास मंडळाच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी अभियाना’तून बनावट रुग्ण पाठवून गर्भलिंगनिदान करणारी केंद्रं उघडी पाडली, खटले चालवले. 2025 साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. ‘लेक लाडकी’ हेच नाव पुढे राज्य सरकारनं 2023 साली आपल्या योजनेला दिलं. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाच्या घरात 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्यानं, अठरा वर्षांची होईपर्यंत 1 लाख 1 हजार रुपये. नकोशी ते लाडकी हा शब्दांचा प्रवास सरकारी कागदावर पूर्ण झालेला आहे.

रावेतसारख्या ठिकाणी चित्र कसं आहे? एका मुलीवर समाधानानं थांबलेली जोडपी इथं भरपूर दिसतात, ही नवी आणि चांगली गोष्ट. पहिली मुलगी असताना ‘आता एक मुलगा होऊ द्या’ असं गावाहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर ऐकणाऱ्या बायकाही इथंच आहेत. शिक्षण आणि पगार वाढला की हे आपोआप जातं, असा एक भाबडा समज आहे. आर्थिक पाहणीनंच तो खोडला आहे: विकासानं स्त्रियांच्या बाबतीत बरंच काही सुधारलं, मुलाचा हट्ट मात्र त्याला जुमानत नाही.

एक जाता जाता. मराठी बायकांच्या नावावर आणखी एक सावट होतं, लग्नात नाव बदलण्याचं. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं की जुनं संपलं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना आणि कर्व्यांच्या आनंदीबाई मूळच्या गोदूबाई. गोदू आणि यमुना या नद्यांना सासरच्या उंबऱ्यावर अडवण्यात काय साधलं, कळत नाही. पण ज्या नकुशांचं नाव त्या ताटात बुडालं त्यांच्यापुरती ही चाल वरदान ठरली असणार. आता कागदाची बाजू उलट झाली आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचं नाव राज्याच्या शासकीय कागदपत्रांत बाळ, आई, वडील, आडनाव अशा क्रमानं लिहायचं आहे. त्यामुळे इथून पुढे आईचं नावही लेकीच्या दाखल्यावर कायम राहणार, आणि ते नकुशा असेल तर तेही.

तेव्हा दोन कामाच्या गोष्टी. बाळाचा जन्म 21 दिवसांत नोंदवावा. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नंतर 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येतं, त्यापुढे विलंब शुल्क देऊन 15 वर्षांपर्यंत. यादीतल्या दुर्मिळ नावासाठी घाई करायचं कारण नाही. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हा दाखलाच जन्माचा पुरावा आहे, म्हणून त्यावरचं नाव विचार करूनच टाकावं. दुसरी गोष्ट मोठ्यांसाठी. तुमच्या घरी, सोसायटीत, कारखान्यात या नावाची कुणी बाई असेल आणि तिला ते बदलायचं असेल, तर शासकीय मुद्रण खात्याकडे राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि शुल्क लागतं. राजपत्रात नाव आलं की बँक, पॅन, आधार पुढे बदलतात. अर्ज भरून द्यायला तिला मदत करा, नाव मात्र सुचवू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ते तिचं तिला ठरवू द्या.